खळ्याची मेंबर

मी पाच वर्षं ग्रामपंचायतीची मेंबर होते, हे कळलं की लोकांना वाटतं बाईकडे काहीतरी असणार. काही नाही. मेंबर व्हायच्या आधी मी बोईसरला गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला होते, मेंबर असताना पॅकिंगलाच होते आणि आजही तिथंच आहे. निवडून आल्यावर पहिल्याच दिवशी सुपरवायझरने हात जोडले आणि म्हणाला, "मेंबर साहब, बाल टोपी के अंदर डालो." लोकप्रतिनिधी म्हणून माझा एवढाच सत्कार झाला.

लोकशाही म्हणजे लोकांचं राज्य, असं शाळेत शिकवतात. अनुभवाने सांगते, ते खरं आहे, पण लोकांना वेळ नसतो. आमच्याकडे निम्मे बोटीवर असतात, निम्मे फर्स्ट शिफ्टला. म्हणून ते आपल्यातल्या एकाला पुढे करतात, "जा, आमच्या वतीनं बस" म्हणतात आणि मग पाच वर्षं त्याला शिव्या घालतात. याला प्रतिनिधित्व म्हणतात. दिल्लीत ते मोठ्या प्रमाणावर चालतं, आमच्या समुद्राकाठी लहान प्रमाणावर.

आमचा वॉर्ड चिठ्ठीत महिलांना सुटला, तेव्हा गावाने गृहीत धरलं की माझं नाव लागेल आणि नवरा कारभार करेल. नवऱ्याला विचारलं तर तो जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "मला सभाबिभा जमत नाय. तूच जा." इतकं पुरोगामी पाऊल आमच्या गावात त्याआधी कोणी उचललं नव्हतं, आणि त्याने ते केवळ कंटाळ्यापोटी उचललं.

चिन्ह मिळालं इस्त्री. समोरच्या बाईला कपबशी मिळाली. कपबशी घराघरांत असते. इस्त्री आमच्या वॉर्डात मोजक्या घरांत, कारण खलाशाच्या बनियनला इस्त्री कोण करतं? तरी मी थोड्या मतांनी निवडून आले. त्याचं श्रेय माझ्या थोरल्या जावेला. तिने सुक्या मासळीवाल्या सगळ्या बायांना दम दिला होता, "इस्तरी सोडून दुसरं बटन दाबलंत तर माझ्याशी गाठ हाय."

जावेला मी वयनी म्हणते. आमच्यात थोरल्या जावेलाही अगंतुगंच असतं. दीर गेल्यापासून ती एकटी, मूलबाळ नाही, मधली एक भिंत सोडून आमच्याच घरात राहते. माझ्या नवऱ्याच्या आणि इतरांच्या बोटींवरचे बोंबील घ्यायचे, गावाबाहेरच्या खळ्यावर सुकवायचे आणि पालघरच्या बाजारात नेऊन विकायचे, हे तिचं पोट. खळं म्हणजे किनाऱ्यालगतची मोकळी जागा. तिथं बायांनी बांबू रोवून आडव्या दोऱ्या बांधल्यात, त्यांना वलांड्या म्हणतात. बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोडी करायची आणि ती दोरीवर टांगायची. वारा आणि ऊन फुकट आहे, म्हणून धंदा परवडतो. जागाही फुकट, पण तिथं घोडं अडलं होतं. बायांच्या दृष्टीने ती सासूच्या सासूपासूनची त्यांची जागा. सरकारच्या दृष्टीने ती 'मोकळी जागा', म्हणजे तिथं कोणी नाही.

मला मेंबर करण्यामागे वयनीचा हेतू एकच होता आणि तो तिने लपवला नव्हता. "बाकी काय करायचं ते कर. खळं जाता कामा नये."

मी म्हटलं, "नाही जाणार." मेंबर झालेला माणूस पहिलं वाक्य असंच बोलतो.

पहिलं वर्ष दिव्यांत गेलं. "मेंबर, खांबावरचा बल्ब गेला." "मेंबर, गटार तुंबलं." एका म्हाताऱ्याने तर सुनेची तक्रार आणली, ती चहात साखर कमी घालते म्हणून. मी सुनेला बोलावून विचारलं, तर डॉक्टरनेच तसं सांगितलेलं. तो विषय मी कामकाजातून काढून टाकला.

मग सुशोभीकरणाचा निधी आला. निधी आला की त्याच्या मागोमाग एक वाक्य येतं: वापरला नाही तर परत जाईल. परत गेलेला निधी कोणी पाहिलेला नाही, पण त्याची भीती सगळ्यांना वाटते. शेजारच्या वॉर्डाचे मेंबर गावात पेव्हर ब्लॉक पुरवतात. योगायोगाने त्यांनाच सुचलं की खळ्याच्या जागी पेव्हर ब्लॉक टाकावेत, बाकडी ठेवावीत आणि गावाच्या नावाची मोठी रंगीत अक्षरं उभी करावीत, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला फोटो काढता येईल.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा वयनी म्हणाली, "गावाचं नाव त्यांना ठाऊक नाय? फोटोत कशाला पायजे?"

प्रश्न बिनतोड होता. पण गंमत अशी, की माझ्याच वॉर्डातल्या बऱ्याच लोकांना ती बाकडी हवी होती. आमच्या शेजारचे काका कंपनीतून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी कामातून गेलेले. ते म्हणाले, "पोरी, संध्याकाळी समुद्रावर जावं तर टेकायला दगड नाय. आणि त्या बोंबलाच्या वासात श्वास तरी घ्यावा का माणसानं?" कॉलेजला जाणाऱ्या मुली म्हणाल्या, मुलांना नाका आहे, आम्हाला बसायला काय आहे? त्यांचंही खरं होतं. काकांनी आणि त्या मुलींच्या आयांनीही इस्त्रीचंच बटण दाबलं होतं. मत देताना कोणी सांगत नाही की हे मत बाकड्यासाठी आहे की बोंबलासाठी. सगळी एकाच पेटीत पडतात आणि नंतर मेंबरने ती निवडत बसायची.

मी वॉर्डातल्या बैठकीत म्हणाले, "दोन्ही बाजूंचा विचार केला पाहिजे." वयनी शेवटच्या ओळीत बसली होती. ती उठून गेली. रात्री भिंतीपलीकडून भांडी आपटल्याचे आवाज आले. मी जेवण टाकून गेले नाही.

विषय ग्रामसभेपुढे आला. आमची ग्रामपंचायत आमचं गाव आणि डोंगराकडचे पाडे मिळून एक आहे. सरपंच पाड्यावरचे, भातशेती करणारे, कमी बोलणारे गृहस्थ. पहिल्या ग्रामसभेला पुरेशी माणसं जमली नाहीत, म्हणून ती तहकूब झाली. नियम असा आहे की तहकूब सभा पुन्हा भरली की तिला माणसांची अट नसते. म्हणजे लोक आले नाहीत तर सभा होत नाही, आणि पुन्हा आले नाहीत तर होते. हा नियम ज्याने केला त्याला आमच्या लोकांची चांगली माहिती असावी.

दुसऱ्या सभेला मी खळ्यावरच्या सगळ्या बायांना आणायचं ठरवलं. घरोघरी गेले, घसा बसेपर्यंत ओरडले. "नुसत्या येऊ नका, हात वर करा. विरोधात कोण, असं विचारलं की हात वर. मोजणी हातांची असते." सगळ्या हो हो म्हणाल्या. आणि खरंच आल्या! सभा शाळेच्या मोठ्या वर्गात होती, तो अर्ध्याहून जास्त त्यांनीच भरून टाकला. पेव्हर ब्लॉकवाल्या मेंबरांचा चेहरा पडला. बाकडेवालेही आले होते, पण आम्ही जास्त होतो, उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. मला इतका आनंद झाला की मी ग्रामसेवकाला स्वतःहून पाणी दिलं.

ग्रामसेवकाने ठराव वाचला. सरपंचांनी विचारलं, "बाजूने कोण?" काका, कॉलेजच्या मुली, त्यांचे बाप, गावात राहणारे कंपनीवाले भाडेकरू, सगळ्यांचे हात वर. मोजले.

"विरोधात कोण?"

मी हात वर केला. आणि मागे वळून पाहिलं.

एकीचाही हात वर नव्हता. सगळ्या पदराखाली हात घेऊन बसल्या होत्या, तोंडं कोरी. वयनी तर खिडकीतून बाहेर बघत होती, खळं म्हणजे काय हे आयुष्यात कधी ऐकलं नसावं अशी. मी दबक्या आवाजात म्हटलं, "अगं हात! हात!" तर पुढच्या बाईने माझ्याकडे डोळे वटारले. मला वाटलं या सगळ्यांना कोणीतरी फोडलं.

सरपंच थांबले. त्यांनाही ते चमत्कारिक वाटलं असणार. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा माझाच एक हात.

"ठराव मंजूर."

ग्रामसेवकाने पेनाचं टोपण लावलं, आणि वयनी उठली. कमरेवर हात ठेवून, बाजारात ओरडायच्या आवाजात म्हणाली, "आमाला बाकडी नको हायेत! खळं आमचं हाय, आमी सोडणार नाय!" तिच्यामागून एकेक बाई उठली आणि तेच म्हणाली. कोणी काहीच बोललं नाही, कारण सभा संपली होती, बोलायचं काय? वयनीने सगळीकडे एकदा नजर फिरवली, पदर खोचला आणि बायांना घेऊन बाहेर पडली. सगळ्याजणी हसत होत्या. माझ्याकडे बघून एकीने हाताने खूणसुद्धा केली, झालं म्हणून.

मी तशीच खळ्यावर गेले. वयनी बोंबील उलटवत होती. मी काही बोलायच्या आत तीच माझ्यावर घसरली.

"तू मधेच हात कशाला वर केलास? आपल्याला किती पायजे हाय ते कळलं ना त्यांना!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. किनाऱ्यावर बोट लागली की मासळीचा लिलाव होतो, तो मी हजार वेळा पाहिलाय. तिथं ज्या बाईला एखादा वाटा, म्हणजे मासळीचा ढीग, खरोखर हवा असतो ती त्याच्याकडे बघतही नाही. हात पदराखाली, तोंड समुद्राकडे. बाकीच्यांना बोलू द्यायचं, दमू द्यायचं. सगळे थांबले की शेवटचा बोल आपला. त्याच्यावर कोणी बोललं नाही की वाटा तुमचा. या बायांनी जन्मभर असंच मिळवलंय. ग्रामसभेतही त्यांनी तेच केलं आणि फार सुरेख केलं. त्यांच्यावर कोणीही बोललं नव्हतं.

"वयनी," मी म्हटलं, "आपण हरलो गं."

"काय बोलतेस? शेवटी कोण बोललं?"

"तू. पण तिथं शेवटचं धरत नाहीत. हात मोजतात. मंजूर म्हटल्यावर संपतं."

तिला ते समजायला वेळ लागला. समजलं तशी ती खाली बसली, वाळूतच. मला रडू आवरेना. मी सांगितलं होतं ना, हात वर करा म्हणून? असं मी तिला विचारलंही, रडत रडत, रागाने.

"सांगितलं होतंस," ती म्हणाली. "पण मला वाटलं तू गंमत करतेस. आमी हात कशाला वर करायचा? तुला निवडून दिलं तवा आमचे हात तुला दिले ना? मग आमच्याकडं कुठं उरले? तू केलास की सगळ्यांचा झाला."

"ती ग्रामसभा. तिथं ज्याचा त्याचा हात. पंचायतीच्या मासिक सभेत तुमच्या सगळ्यांचा म्हणून माझा."

"मग तिथं तुझा हात किती जणींचा धरतात?"

"एकीचा. अकरा मेंबरांत एक."

"म्हणजे आमी एवढ्याजणींनी मिळून एकच हात पाठवला?"

"हो."

"आनि बाकीचे गेले कुठं?"

मी बारावी शिकलेय. नागरिकशास्त्रात मला चांगले मार्क होते. पण हा प्रश्न पेपरात कधी आला नव्हता.

खळं मात्र लगेच गेलं नाही. फाईल तालुक्याला गेली, तालुक्याहून पालघरला गेली, तिथं नकाशा कमी निघाला म्हणून परत आली, मग साहेब बदलले, मग नवे साहेब प्रशिक्षणाला गेले. दुबळ्याला कायद्याने संरक्षण मिळतं म्हणतात. आम्हाला दिरंगाईने मिळालं. प्रत्येक मासिक सभेत मी विरोध नोंदवत राहिले आणि माझी मुदत संपली तेव्हा बोंबील वाऱ्यावर हलतच होते.

पुन्हा निवडणूक लागली. वॉर्ड पुन्हा महिलांनाच सुटला. मी पत्रकं छापायचं बघत होते, तेवढ्यात वयनी माझ्या चुलीपाशी आली. बसली नाही.

"या खेपेला मी उभी राहते," ती म्हणाली.

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. "मी काय कमी केलं गं?"

"काय कमी नाय केलंस. पण तू सगळ्यांची मेंबर हायस. काकांची, त्या पोरींची, सगळ्यांची. मला माझी पायजे."

मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही. खोटं कशाला सांगू, मला ते फार लागलं. पाच वर्षं तिच्यासाठी मी शिव्या खाल्ल्या होत्या, काही तिच्याच तोंडच्या. पण एका घरातून दोघी उभ्या राहिल्या तर मतं फुटणार आणि पेव्हर ब्लॉकवाल्यांची बाई येणार, हे कळायला नागरिकशास्त्र लागत नाही. मी बाजूला झाले. नुसती बाजूला झाले नाही, तिच्यासाठी दारोदार फिरले. तिला चिन्ह छत्री मिळालं. "माझ्यापेक्षा बरं मिळालं तुला," एवढंच मी म्हणाले, आणि आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

ती आली निवडून. काकांनीही तिलाच मत दिलं म्हणाले. मतदान गुप्त असतं, त्यामुळे सगळेच तसं म्हणतात.

पहिल्याच मासिक सभेत खळ्याचा विषय होता, कारण तेवढ्यात फाईल नेमकी मंजूर होऊन आली होती. मी त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून बोईसरहून रिक्षाने धावत आले. ग्रामपंचायतीच्या दारात खळ्यावरच्या साऱ्याजणी उभ्या होत्या. वयनी बाहेर आली आणि म्हणाली, "अर्धं राहिलं."

बायांनी एकच कालवा केला. अर्धं राहिलं! आम्हाला तर सगळं गेल्यातच जमा होतं. मला वाटलं स्वप्नात आहे. तिने पाड्यावरच्या मेंबरांशी बोलणं केलं होतं, पाड्याच्या पाण्याच्या लाईनला तिचा हात आणि खळ्याला त्यांचे. मग समोरच्यांनी अर्ध्यावर तडजोड केली. अर्ध्यावर बाकडी, अर्ध्यावर वलांड्या, मधे कुंपण. बाया एकमेकींना मिठ्या मारत होत्या.

"कुठलं अर्धं?" मी विचारलं.

"समुद्राकडचं राहिलं. रस्त्याकडचं त्यांना दिलं. बाकडी रस्त्याकडंच पायजेत ना, काकांना चालवत नाय."

रस्त्याकडच्या बाजूला वलांडी एकीचीच होती. तिची. सासूने तिला ती जागा दिली, तेव्हा रस्ता नव्हता.

"वयनी, डोकं फिरलंय का तुझं? तुझी वलांडी रस्त्याकडं हाय!" रागात माझी भाषा नेहमी बदलते.

"ठाऊक हाय."

"मग दुसरं अर्धं मागायचं होतंस!"

"तिथं बाकी सगळ्याजणी हायेत." तिने पदराने तोंड पुसलं. "नि मी मेंबर हाय ना आता."

बायांपैकी कोणी ते ऐकलं नाही, त्या ओरडण्यात दंग होत्या. मी ऐकलं. तिला ओढत घरी नेलं, दार लावलं आणि तिला वाट्टेल ते बोलले. मूर्ख म्हटलं, अडाणी म्हटलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "चहा टाक."

आता ती आमच्या स्लॅबवर बोंबील सुकवते. जागा कमी पडते, वारा अडतो, माल पूर्वीसारखा कडक होत नाही, म्हणून बाजारात भावही कमी येतो. शेजारचे काका संध्याकाळी बाकड्यावर बसून येतात आणि घरी आले की त्यांना आमच्या स्लॅबचा वास येतो. परवा ते तक्रार घेऊन आले. मी दारात होते, पण मी आता कोणी नाही. त्यांनी तक्रार रीतसर मेंबरकडे केली. वयनीने ती पूर्ण ऐकून घेतली, मधे एकदाही बोलली नाही, आणि शेवटी म्हणाली, "तुमचं बी खरं हाय, काका. बघते."